गुळव्याच्या गाठीमागे

चार-पाच दिवस सातारा-सांगलीच्या मुलखात हिंडून आले आणि महाबळेश्वर पाहिलं नाही, असं सांगितलं की आमच्या गिरगावातल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. वाईच्या घाटावर उभी होते तेव्हा पसरणीचा डोंगर समोरच होता. पण त्याच्याकडे मान वर करून बघायला मला सवड नव्हती. मी एका माणसाच्या मागावर होते. तो माणूस मी तोवर कधी पाहिलेला नव्हता. त्याच्या यकृताचा तुकडा मात्र पाहिला होता.

हे जरा नीट सांगायला हवं. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत रसायनाचं काम करते. डॉक्टर नाही. आमचं काम कॅन्सरच्या गाठींचं. शरीरातली निरोगी पेशी साखर घेते आणि श्वासातून आलेल्या हवेच्या मदतीने ती पुरती जाळते. गाठीतल्या पेशीची तऱ्हाच निराळी. हवा हाताशी असूनही ती साखर अर्धवट मोडते, तिचं आम्ल करून बाहेर टाकते, आणि असं उधळं खाणं असल्यामुळे तिला साखर भरमसाट लागते. एवढं परदेशातल्या शास्त्रज्ञांनी आधीच दाखवलं होतं. आमच्या सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. यकृतातली गाठ यकृतातच का राहत नाही? उठून फुप्फुसात, हाडात, खांद्यावर जाऊन का बसते? सरांचा तर्क असा, की तिचं आम्लच भोवतालचं कुंपण कुजवून तिला वाट करून देत असावं. तसं असेल तर घर सोडून निघालेली गाठ घरच्या गाठीपेक्षा जास्त आम्ल करणारी निघायला हवी. हे तपासायचं तर एकाच माणसाच्या दोन्ही गाठी पाहिजेत, आणि त्याही कापल्या कापल्या, जिवंत असताना.

दिवाळीनंतर सांगलीच्या एका सर्जननी तात्याबा नावाच्या माणसाचं पोट उघडलं, तेव्हा मी माझी पेटी घेऊन शेजारच्या खोलीत बसले होते. यकृतातली गाठ काढण्यासारखी नव्हती. सर्जननी छोटासा तुकडा मला दिला आणि पोट शिवून टाकलं. काम होताच मी मुंबईची गाडी पकडली. माणूस कसा आहे, शुद्धीवर आला का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला सर्जनचं पत्र आलं: रोग्याच्या डाव्या खांद्यावर दुसरी गाठ उठली आहे, अगदी वरवर, इंजेक्शन देऊन दहा मिनिटांत काढता येईल. पण गडी न सांगता निघून गेला आहे. शोधून आणलात तर कापून देतो. होळी त्याला दिसेल असं वाटत नाही. त्याला हे सांगितलेलं नाही.

पत्र वाचलं त्याच दिवशी मी पेटी बांधली.

वाई

इस्पितळाच्या वहीत तात्याबाचं गाव वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी लिहिलं होतं. वाईत ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे उतरले. मास्तरीणबाईंनी आधी गरम पाणी, मग चहा, मग पुन्हा पोहे असा बेत लावला. तासाभरात मला निघायचं होतं, आणि वाईत तासाभरात काहीच होत नाही. घाटावर माणसं आंघोळ करून अंग पुसतात तेही एखादं काम असावं तसं, सावकाश. मी पोह्यांची बशी अर्धवट टाकून उठले, त्याचं त्यांना वाईट वाटलं. आता मलाही वाटतं.

गावात तात्याबाचा थोरला भाऊ अंगणात दोर वळत बसला होता. मी नाव घेताच तो हसला.

"आवं बाई, हंगामात गुळव्या घरात घावंल व्हय?"

तेव्हा मला कळलं की माझा रोगी गुळव्या आहे. उसाचा रस कढईत किती आटू द्यायचा, कधी उतरवायचा हे जो ठरवतो तो गुळव्या. चांगला गुळव्या एका गावात राहत नाही. दिवाळी सरली की तो नदीच्या कडेकडेने गुऱ्हाळांमागून गुऱ्हाळं करत खाली सरकतो आणि होळीनंतर घरी येतो. घरदार आवरून त्याची बायकोही मागोमाग जाते.

"पण ते आजारी आहेत ना?"

"कावीळ हाय म्हनं. आनि कावीळीला उसाच्या रसापरीस दुसरं काय वो औशीद? तिथंच बरा हाय त्यो. कऱ्हाडच्या अंगाला बगा."

तो गाठ म्हणाला नाही आणि मीही म्हणाले नाही.

सातारा

लढाई नुकतीच संपली होती, पण मोटारी अजून कोळशाच्या धुरावर चालत होत्या. वाईहून साताऱ्याला येईतो ड्रायव्हर तीनदा उतरून मागच्या टाकीतले निखारे ढवळून आला. त्या दर वेळी उतारू खाली उतरून शेंगा फोडत बसत आणि मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत असे.

साताऱ्याच्या मोटारस्टँडवर पोलिसाने माझी पेटी धरली. त्या दिवसांत त्या जिल्ह्यात सरकार भूमिगतांच्या मागे होतं. काचेच्या नळ्या, तांबड्या पाण्याच्या बाटल्या आणि वस्तरा घेऊन एकटी फिरणारी बाई म्हणजे काहीतरी भानगड, असं त्याला वाटलं यात त्याचा दोष नाही. मी त्याला पेशी, साखर, आम्ल, तांबड्याचा पिवळा होणारा रंग असं सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आमच्या म्हातारीला जेवल्यावर जळजळतंय. काय पथ्य करावं तिनं?"

"मी डॉक्टर नाही हो."

"आसू द्या की. पथ्य तेवडं सांगा."

या मुलखात औषध कोणी मागत नाही, पथ्य मागतात. औषध वैद्याचं, दैव देवाचं. पथ्य मात्र आपल्या हातातलं. काय खाऊ नये एवढं कळलं की माणसाला वाटतं, आपणही आजाराशी दोन हात करतो आहोत. मुंबईत आम्ही बाटलीवर भिस्त ठेवतो, इकडे ताटावर. मी "तिखट कमी करा" असं काहीतरी पुटपुटले आणि पेटी सोडवून घेतली. सुटले एवढ्यावरच मी खूष होते. पण मघाशी जे देऊ नये म्हणत होते ते मी देऊन बसले होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

कऱ्हाड

कऱ्हाडपलीकडे पहिलं गुऱ्हाळ पाहिलं. बैल घाणा ओढत होते, रस मडक्यात पडत होता. चुलाणावर बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठी काहील रटरटत होती. मी चपला घालून थेट काहिलीजवळ गेले, तर चारी बाजूंनी माणसं गप्प झाली. काहिलीवर नजर ठेवून बसलेल्या एका म्हाताऱ्याने नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं. चपला काढून परत आले तेव्हा बोलणं सुरू झालं. रस प्यायल्याशिवाय इथून कोणी जात नाही. वाटसरू असो, भिकारी असो, नाहीतर मामलेदार. मुंबईत रेशनच्या साखरेसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या माझ्या हातात त्यांनी तांब्याभर रस आणि ओंजळभर कोमट गूळ ठेवला. मला मिनिटाची घाई होती, तरी मी तो सगळा खाल्ला.

तात्याबा दोन दिवसांपूर्वीच पुढे गेला होता. "हितला ऊस सपत आला," म्हातारा म्हणाला. "सांगलीच्या अल्याड, पाटलाच्या गुऱ्हाळावर गेलाय. हात हाय बगा त्येचा. पन औंदा सारका गूळ खातोय गडी. आदी चव बगून थुकायचा. आता खडा तोंडातनं निगंना. लय वाळला, तरी खातोयच."

मी तिथेच वही काढून हे टिपून घेतलं. गाठच साखर मागते आहे, मी मनाशी म्हटलं. सरांना सांगायला केवढं छान. पुढच्या मोटारीत बसल्यावर मी तोंडाला येईल ते गुणगुणत होते, इतकी मला घाई आणि इतका आनंद होता.

पाटलांचं गुऱ्हाळ

पाटील म्हणजे जैन शेतकरी, नेमगोंडा त्यांचं नाव. कृष्णेकाठी काळीभोर जमीन, डोळा पुरेल तिथवर ऊस. बोलण्यात मधूनच कानडी हेल. "बसा अक्का, आधी पानी घ्या," म्हणून त्यांनी घोंगडी अंथरली. मी न बसताच विचारलं, तात्याबा कुठे आहेत.

काहिलीच्या उगवतीला, एका पालथ्या घमेल्यावर तो बसला होता. पन्नाशीचा असेल. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढे आलेलं. अंगावरच्या बंडीचा डावा खांदा सुपारीएवढा उचललेला. त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. काहिलीतल्या फेसाचे बुडबुडे तो बघत होता. मग त्याने बोटं थंड पाण्यात बुडवली, उकळत्या पाकातून थेंब उचलला, पाण्यात धरून त्याची गोळी केली, दगडावर टाकून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "उतरा." सहा माणसांनी काहील उचलली. त्याने ती गोळी तोंडात टाकली.

त्या क्षणापर्यंत मी फक्त त्या खांद्याकडे बघत होते.

त्याची बायको सोनाबाई चिपाडं वाळत घालत होती. मुंबईहून कोणी बाई आली म्हणताच ती हात पुसत आली. "दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई व्हय?"

मी दरवेळेसारखं नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर हा माणूस माझ्याबरोबर सांगलीला का येईल, हा विचार आधी आला. मी म्हणाले, "सर्जननी पाठवलंय."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

तात्याबाने मला नीट न्याहाळलं. "खांद्याचं कापाया बोलीवत्यात न्हवं? हंगाम सरू द्या. होळी झाली की येतो. ही बी आटपाडीला चला म्हून मागं लागलीया. लेक तिकडं दिलीया, हिच्याच भावाच्या घरात. नातू झालाय, अजून बगितला न्हाई. सगळं होळीनंतर."

सर्जनचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"तवर पथ्य काय ते सांगा," तो म्हणाला.

सोनाबाईही पुढे सरकली. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. तीन दिवस उन्हातान्हात धावून शेवटी कोणीतरी माझं ज्ञान मागत होतं. प्रयोगशाळेतल्या नळ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, साखर पाहताच आम्ल ओतणाऱ्या. गाठीला साखर हवी, म्हणून साखर तोडायची, इतकं ते मला सरळ वाटलं.

"गोड बंद," मी म्हणाले. "रस नाही, गूळ नाही, काकवीचा थेंबही नाही. गोळी आवाजावरून ओळखा, तोंडात टाकू नका. गोडावर ती गाठ पोसते आहे."

गुऱ्हाळावर बसलेल्या गुळव्याला मी गोड बंद केलं. पाटील तिथेच उभे होते. त्यांनी भुवया उंचावल्या, पण डॉक्टरीणबाईपुढे कोण बोलणार. तात्याबा क्षणभर काहिलीकडे बघत राहिला. "कावीळीला रस चांगला म्हनत्यात," तो म्हणाला. मी म्हटलं, ही साधी कावीळ नाही. "बरं," तो म्हणाला, आणि तोंडातला खडा हातावर काढून त्याने चुलाणात टाकला.

पाटलांकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात. अंधारात चुकून जीवजंतू ताटात येऊ नये म्हणून. मुंबईत नऊला जेवणारी मी ऊन असतानाच ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची पातळ भाजी आणि वाटीभर तूप समोर घेऊन बसले. पाटलांच्या पत्नीने गूळ वाढला. मी खाल्ला. त्याच वेळी अंगणापलीकडे तात्याबाला सोनाबाईने कोरी भाकरी वाढली होती, तेही मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे

तांबडं फुटत होतं, तेव्हा सोनाबाईची हाक ऐकू आली. गुऱ्हाळाच्या खोपीत तात्याबा उठून बसला होता. अंगावर घोंगडी असून घामाने चिंब. हात थरथरत होते. "उतरा, उतरा, करपंल," असं तो बरळत होता आणि काहील तर थंड पडलेली. त्याने मला ओळखलं नाही. सोनाबाईलाही नाही.

मी बघत राहिले. मुंबईत इन्शुलिन जास्त झालेले रोगी मी पाहिले होते. असाच घाम, अशीच बरळ. रक्तातली साखर संपते तेव्हा हे होतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी हललेच नाही, कारण काल मीच गोड बंद केलं होतं आणि आज काय म्हणू हे मला सुचेना.

सोनाबाई माझ्यासाठी थांबली नाही. तिने कोपऱ्यातला गडू घेतला, दोन बोटं काकवीत बुडवली आणि त्याच्या गालाच्या आतून फिरवली. पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली. लहान बाळाला मध चाटवावा तशी. मग तो गिळायला लागला तसा गडूच ओठाला लावला. थोड्या वेळाने थरथर थांबली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "बाई, रोज राती दोन-तीन बारी उटून ह्ये काकवीचा घोट घ्यायचं. म्हनायचं, न्हाई घेतला तर जीव बुडाल्यागत होतोय. काल तुमी बंद केलं म्हून घेतला न्हाई."

कऱ्हाडला मी टिपलं होतं ते सगळं उलटं होतं. गाठ साखर मागत नव्हती. ती मागायला थांबतच नव्हती, आधीच घेऊन मोकळी होत होती. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं. त्याच्याकडे यकृतच उरलं नव्हतं. मागत होता तो माणूस, स्वतःच्या वाटणीची. आणि मी गाठीला उपाशी मारायला निघून त्याला उपाशी ठेवलं होतं. माझ्या कोणत्याही नळीत माणूस नव्हता, हे मला त्या खोपीत कळलं, आणि मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

मी मातीतच बसले. या प्रवासात मी आपणहून पहिल्यांदा बसले असेन. म्हणाले, "तात्याबा, मी डॉक्टर नाही. पथ्य सांगायचा मला काही अधिकार नव्हता. मी तुमच्या खांद्याची गाठ मागायला आले आहे. ती काढली तरी तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आम्हाला आहे."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज होत होता.

"काय करनार तिचं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. दिवाळीनंतर घेतलेला पोटातला तुकडा, साखर, हवा, आम्ल. पेशी, आम्ल असे शब्द अडखळले, म्हणून म्हटलं, तुमचा रस उन्हात राहिला की आंबतो ना, तसंच काहीसं त्या गाठीत चालतं. आणि आमच्या सरांना वाटतं की अशी आंबलेली गाठच घर सोडून दुसरीकडे जाते.

हे ऐकताच तो पुढे सरकून बसला. इतका वेळ रोगी बोलत होता, आता गुळव्या बोलू लागला. "रस आंबतो त्येचं दोन परकार असत्यात बाई. येक, उसातच खोट असतीया. दुसरं, ऊस चांगला, पन भांडं पारुसं. मग त्यात पडल्यावर आंबतो. दोनीबी चवीला येकच लागत्यात. तुमी खांद्याची गाठ बगनार, ती आंबट निगंल. पन आंबट हुती म्हून घर सोडलं, का घर सोडलं म्हून आंबट झाली, हे कसं वळकनार?"

दोन वर्षं मी ते काम करत होते, सर त्याहून जास्त वर्षं, आणि हा प्रश्न आमच्या वहीत कुठेही नव्हता. आम्ही दोन गाठी मोजून निकाल लावायला निघालो होतो.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग बगाया पायजे," तो म्हणाला, आणि सोनाबाईला, "धोतार काढ चांगलं. सांगलीला जाऊन येऊ."

सांगली

पाटलांनी गाडी दिली. जाताना बजावलं, "आज राती माघारी ये तात्या, उद्या मोठ्या फडाचा रस हाय." वाटेत गाडीवान बैलांना घाई करत नव्हता, आणि पहिल्यांदाच मलाही कोणाला घाई करावीशी वाटली नाही.

सर्जननी खरंच दहा मिनिटांत गाठ काढली. मी ती घेऊन शेजारच्या खोलीत पळाले, वस्तऱ्याने तिच्या पातळ चकत्या केल्या, साखरेच्या तांबड्या पाण्यात टाकल्या आणि नळी कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली. शेजारी दुसरी नळी, तीत खाटकाकडून आणवलेल्या बकऱ्याच्या ताज्या कलेजीच्या चकत्या. आम्ल झालं की तांबडं पाणी पिवळं होतं. मान वर केली तर दारात तात्याबा, खांद्याला पट्टी, मागे सोनाबाई.

"मागल्या बारीला माजा तुकडा तुमीच बगितला," तो म्हणाला. "ह्या बारीला म्या बगनार."

त्याला स्टूल दिलं. तो नळ्यांकडे तसाच बघत बसला, जसा काहिलीकडे बघत होता. सोनाबाई मधूनमधून त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होती. बकऱ्याची नळी तांबडीच राहिली. त्याची नळी आधी नारिंगी झाली, मग पिवळी पडत गेली. दिवाळीनंतर यकृतातल्या तुकड्याला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्म्यातच. मी वहीत वेळ लिहिला. सरांचा तर्क बरोबर निघाल्यासारखं दिसत होतं, पण मला नाचावंसं वाटलं नाही.

"बकऱ्याचं झ्याक हाय म्हनायचं," तात्याबा म्हणाला. मग जरा वेळाने, "रस आंबला तर आमी चुन्याची निवळी टाकतो. ह्यात टाकून बगा की."

चुना नव्हता, सोडा होता. तोही आम्ल मारतो. मी त्याच्या नळीत चिमूटभर सोडा टाकून ती हलवली. पिवळं पाणी झटकन तांबडं झालं. सोनाबाईने हात जोडले. तात्याबा मात्र हसला नाही. तो थांबून राहिला. आम्ही तिघं थांबलो. नळी हळूहळू नारिंगी झाली आणि पुन्हा पिवळी पडली.

"किती बारी टाकला तरी आसंच?"

"हो. आत साखर आहे आणि गाठ आहे, तोवर असंच."

मग माझ्याकडे न बघता, नळीकडे बघत त्याने विचारलं, "होळीपत्तुर हाय का म्या?"

सोनाबाईचा हात गुळाच्या पुडीत तसाच राहिला. हे सांगायचा अधिकार मला नव्हता. सर्जन पलीकडच्या खोलीत होते. पण पथ्य सांगताना मी त्यांना विचारायला थांबले नव्हते, आणि आता त्यांच्या आड लपणं मला जमेना.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं. काल तुम्ही होळीचं बोललात तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

त्याने मान हलवली. काहील उतरवायचं ठरवताना हलवायचा, तशीच, थोडीशी. उठला, सोनाबाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि बाहेर गेला. मी नळ्यांत औषध घालून काम थांबवलं, पेटी बांधली. गाडीला वेळ होता, तरी आत बसवेना म्हणून त्यांच्या मागे निघाले.

बाहेर पाटलांचा गाडीवान बैल जुंपत होता. तात्याबा त्याला म्हणाला, "पाटलास्नी सांग, दुसरा गुळव्या बगा. कऱ्हाडचा म्हातारा इल बोलीवला तर, त्येचा कान चांगला हाय."

"आनि तुमी वो?" गाडीवानाने विचारलं.

"आमी आटपाडीला चाललो. नातू बगाया."

सोनाबाईने पदर तोंडाला लावला. एवढे दिवस ती ज्याच्या मागे लागली होती ते तिला मिळालं होतं, आणि ते अशा तऱ्हेनं मिळालं होतं. मी बरं केलं की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता हे लिहितानाही कळत नाही. मुंबईला आल्यावर सरांना मी निकाल दिला आणि त्याखाली तात्याबाचा प्रश्न लिहून दिला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून मांडू.

मोटारस्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. आटपाडीची वाट लांबची, मधे मोटार बदलायची, पुढे सगळा कोरडा माळ. तात्याबा चढून खिडकीशी बसला आणि त्याने डोळे मिटले. सोनाबाई पायरीवरून परत खाली उतरली. काकवीचा गडू तिने पदराखाली धरला होता.

"बाई," ती म्हणाली, "तुमी डाक्टर न्हाई ते आता ठावं हाय मला. पन वाटंत ह्यास्नी काकवी कवा देऊ? मागतील तवा?"

"मागायच्या आधी द्या," मी म्हणाले.